वाचल्यावाचून अंगठा नको

केंदूरला आमचा रात्रीचा वर्ग भरतो. वर्ग सुटला तरी मंडळी लगेच घरी जात नाहीत. थोडा वेळ ओट्यावर बसतात. पूर्वी बोलणे पावसाचे आणि कांद्याच्या भावाचे असे. ते आजही असते. पण आता त्यात मोबाईल आला आहे. कुणाचा मुलगा रांजणगावच्या कारखान्यात आहे. पगार झाला की तो फोनवरून पैसे धाडतो. कुणाची विहिरीवरची मोटर फोनवरून चालू होते. सातबारा फोनवर दिसतो. पिकाची नोंद ई-पीक पाहणीच्या ॲपवर आपली आपण करता येते. जे कागद आपले वडील पेटीत कुलूप लावून ठेवीत, ते सगळे आता खिशात फिरते आहे.

आणि ओट्यावर ऐकू काय येते?

"माझ्या फोनात काय हाय चोरायला? चार गाणी अन् नातवाचा फोटू."

"फुकट मिळतंय तर पैसे कशाला घालायचे?"

"बँकच लुटली जाते, तिथं आपण काय राखणार?"

ही तीन मते आम्ही नेहमी ऐकतो. ती काही वेड्या माणसांची मते नव्हेत. प्रत्येकात थोडे खरे आहे. म्हणून तर ती पटतात. पण थोडेच खरे आहे, बाकीचे नुकसान करणारे आहे. तेवढे आज पाहू.

फोनात काय आहे?

गाणी आणि फोटो तर आहेतच. पण फोनात तुमचे सिमकार्ड आहे. त्या सिमचा नंबर बँकेत नोंदवलेला आहे. बँकेतून पैसे निघायचे असले की बँक त्या नंबरवर एक आकडा पाठवते. त्याला ओटीपी म्हणतात. ही एका वेळेपुरती चिठ्ठी असते. ती चिठ्ठी ज्याच्या हाती, त्याला बँक खातेदार समजते. बँकेला तुमचा चेहरा दिसत नाही. तिला फक्त चिठ्ठी दिसते.

तेव्हा चोराला तुमची गाणी नकोत. त्याला ती चिठ्ठी वाचायची आहे.

ती तो कशी वाचतो? एक नेहमीचा प्रकार सांगतो. लग्नसराईचे दिवस असतात. व्हॉट्सॲपवर लग्नाची पत्रिका येते. कधी वाहनाच्या दंडाची पावती येते, कधी सरकारी योजनेची यादी येते. पाठवणारा ओळखीचाही असू शकतो, कारण त्याचा फोन आधीच चोराच्या ताब्यात गेलेला असतो. आपण पत्रिकेवर बोट ठेवतो. पण ती पत्रिका नसतेच. ते एक ॲप असते. त्याच्या नावाच्या शेवटी टिंब देऊन एपीके अशी तीन इंग्रजी अक्षरे असतात. ही तीन अक्षरे आम्ही वर्गात फळ्यावर काढून दाखवतो. तुम्हीही मुलाकडून काढून घ्या आणि डोळ्यांत भरून ठेवा.

खरी पत्रिका म्हणजे एक चित्र. बोट लावले की ते दिसते, एवढेच. पत्रिका जर म्हणू लागली, 'मला फोनात बसवून घ्या,' तर ती पत्रिका नव्हे. पाहुणा दारात पत्रिका देऊन जातो. तो घरात खाट टाकून राहतो म्हणाला, तर आपण विचारू ना, बाबा, तू कोण?

आता यात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. फोन आपल्याला गुपचूप फसवत नाही. तो विचारतो. 'अनोळखी ठिकाणचे ॲप घ्यायचे आहे का?' असे विचारतो. मग विचारतो, 'या ॲपला तुमचे एसएमएस वाचू द्यायचे का?' माणूस घाईत असतो. पत्रिका कुणाची ते त्याला पाहायचे असते. तो 'हो', 'हो' असे दाबत जातो. त्यातल्या एका 'हो'ने चिठ्ठ्यांची पेटी चोरापुढे उघडी होते. पुढे रात्रीतून खाते रिकामे झाले तर नवल नाही.

आमच्या वर्गातल्या एका म्हाताऱ्या बाबांनी हे ऐकले आणि म्हणाले, "म्हंजी हे सावकाराच्या कागदावानीच झालं की."

अगदी बरोबर. आपल्या या भागाला ते वेगळे सांगायला नको. १८७४ साली आपल्याच शिरूर तालुक्यातल्या करड्याला लोकांनी सावकारावर बहिष्कार टाकला. पुढच्या वर्षी, १२ मे १८७५ ला, सुप्याच्या बाजारात शेतकरी उठले. त्यांना हवे होते ते सावकाराचे कर्जरोखे. ते त्यांनी जाळले. त्या रोख्यांवर काय लिहिले आहे, हे अंगठा उठवणाऱ्याला वाचता येत नसे. सावकार बोट ठेवून सांगे, इथे अंगठा उठव, की हा उठवी. १८७९ साली सरकारने कायदा केला, आणि असे दस्त गावच्या निबंधकासमोर व्हावेत अशी तरतूद आली.

फोनवरच्या 'हो'पाशी असा कुणी निबंधक बसलेला नाही. तिथे आपणच वाचायचे असते. तुम्ही आता अक्षर ओळखता. फोनची भाषा मराठी करून घ्या, म्हणजे तो प्रश्न तुम्हांला मराठीत विचारील. वाचायला वेळ लागला तर लागू द्या. फोन वाट पाहतो. त्याला घाई नसते.

आणखी दोन-तीन गोष्टी इथेच सांगून टाकतो. पैसे द्यायचे असले की पिन लागतो. पैसे घ्यायला पिन लागत नाही. 'तुम्हांला पैसे पाठवतो, तेवढा पिन दाबा,' असे कुणी म्हणाला की समजावे, हा पैसे नेणारा आहे. तो पिन आपल्या जन्माचे साल किंवा मोटारसायकलचा नंबर नसावा. तो कागदावर लिहून फोनच्या कव्हरात ठेवू नये. आम्ही वर्गात एकदा सर्वांना कव्हर उघडायला सांगितले. किती जणांच्या कव्हरात चिठ्ठी निघाली, ते सांगत नाही. आणि हल्ली कुणी पोलिसाच्या वेशात फोनच्या पडद्यावर दिसतो, 'तुम्हांला डिजिटल अटक झाली आहे, खोलीतून हलू नका, पैसे भरा,' म्हणतो. अशी अटक आपल्या कायद्यात नाही. पोलीस फोनवर अटक करीत नाहीत.

फुकट ते पौष्टिक?

दुसरे मत जरा अवघड आहे. कारण त्यात आम्हीही सापडलो आहोत.

आधी सॉफ्टवेअर म्हणजे काय ते पाहू. संगणक किंवा फोन हे नुसते यंत्र आहे. त्याने काय करायचे, याच्या सूचना कुणीतरी लिहाव्या लागतात. त्या सूचनांचा गठ्ठा म्हणजे सॉफ्टवेअर. ते लिहायला माणसांना महिने, वर्षे लागतात. पण एकदा लिहून झाले की त्याची नक्कल क्षणात होते. ज्वारीचे पोते चोरले तर मालकाकडे पोते राहत नाही. सॉफ्टवेअर चोरले तरी मालकाकडे ते असतेच. म्हणून लोकांना ही चोरी वाटतच नाही. "त्याचं काय गेलं?" असे ते म्हणतात. त्याची मजुरी गेली, दुसरे काय? कुंभाराने घडवलेल्या मडक्याचे पैसे दिले नाहीत आणि म्हटले की माती तर गावचीच होती, त्यातला हा प्रकार.

कायदाही याला चोरीच धरतो. आपल्या देशाचा कॉपीराइटचा कायदा १९५७ सालचा आहे. १९९४ साली त्यात एक कलम घातले गेले. सॉफ्टवेअरची चोरीची प्रत आहे हे ठाऊक असून जो ती संगणकावर वापरील, त्याला ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपासून २ लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद माफ करू शकते. उलट, विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरची एक जादा प्रत जपून ठेवायला तोच कायदा मोकळीक देतो. हेही लोकांना माहीत नसते.

किंमत जड जाते, हे खरे आहे. शहरातल्या कचेरीला जी किंमत वाटत नाही, ती गावच्या झेरॉक्सवाल्याला महिन्याची कमाई वाटते. ते आम्ही नाकारत नाही. पण चोरीच्या प्रतीची किंमत किती पडते, ते आता सांगतो.

आमच्या वर्गाला एकाने जुना संगणक दिला. त्यावर सॉफ्टवेअर घालायला आम्ही तालुक्याच्या गावचा एक कारागीर बोलावला. तो म्हणाला, "अस्सल घ्याल तर हजारो रुपये. मी तीनशेत सगळं टाकून देतो." आम्ही हो म्हणालो. ती चोरीची प्रत आहे हे आम्हांला ठाऊक होते. चांगल्या कामासाठी वापरतो, मग काय हरकत, अशी आम्ही आमच्या मनाची समजूत घातली.

त्या संगणकावर आम्ही एक काम दोन वर्षे करीत होतो. वर्गातल्या बायका आपल्या आयुष्याची गोष्ट सांगत. दुष्काळात खडी फोडायला गेल्याची, पाण्यासाठी रात्र जागवल्याची, पहिल्यांदा एसटीत बसल्याची. आम्ही ती त्यांच्याच शब्दांत टाइप करून ठेवत होतो. त्याचे पुस्तक करायचे होते. चाळीसएक गोष्टी झाल्या होत्या.

एके सकाळी संगणक सुरू केला, तर एकही गोष्ट उघडेना. प्रत्येकीच्या नावापुढे भलतीच अक्षरे लागली होती. पडद्यावर इंग्रजीत एक मजकूर होता. तुमचे कागद कुलूपबंद केले आहेत, किल्ली हवी तर पैसे पाठवा, असा त्याचा अर्थ. अशा सॉफ्टवेअरला खंडणीखोर म्हणता येईल. ते कागद नेत नाही, जागच्या जागी त्यांना न उघडणारे कुलूप घालते. आम्ही दुसरी प्रत पेनड्राईव्हवर ठेवली होती. पण तो पेनड्राईव्ह कायम संगणकालाच लावलेला असे. त्यालाही कुलूप बसले.

बचत गटाचा हिशोबही तिथेच होता. पण गटाच्या खजिनदार आक्कांचा संगणकावर कधी विश्वास बसला नव्हता. त्या आपली लाल वही लिहीत राहिल्या होत्या. हिशोब वाचला. गोष्टी गेल्या.

हे संकट नेमके कुठून आले, ते सिद्ध करता येत नाही. पण दार उघडे कुणी ठेवले होते, ते आम्हांला माहीत आहे. चोरीची प्रत घालताना तिचे कुलूप मोडावे लागते. ते मोडणारी एक फाईल असते, ती इंटरनेटवरून कुणी अनोळखी माणूस देतो. तो सांगतो, आधी संगणकाचा राखणदार, म्हणजे अँटिव्हायरस, बंद करा. आमच्या कारागिराने तो बंद केला, आणि तो बंदच राहिला. सॉफ्टवेअर बनवणारे वेळोवेळी दुरुस्त्या पाठवतात, कुठे भोक सापडले की ते बुजवतात. चोरी पकडली जाऊ नये म्हणून आमच्या कारागिराने त्याही थांबवल्या होत्या. म्हणजे तीनशे रुपयांत आम्ही काय घेतले? राखणदार काढून टाकलेले, कडी नसलेले घर.

बोगस बियाणे तुम्हांला चांगले ठाऊक आहे. पिशवी तीच, चित्र तेच, भाव निम्मा. उगवले नाही तर जाब कुणाला विचारायचा? पावतीच नसते. तसेच हे आहे.

या धंद्याचा इतिहासही गमतीचा आहे. आपल्या ओळखीच्या लहान संगणकांत पसरलेला पहिला विषाणू १९८६ सालचा. लाहोरला दोघे भाऊ दुकान चालवीत. त्यांनी वैद्यकीय कामाचे एक सॉफ्टवेअर लिहिले होते. लोक त्याच्या चोरून नकला करीत. म्हणून त्यांनी 'ब्रेन' नावाचा विषाणू लिहिला, आणि त्यात आपले नाव, पत्ता आणि फोन नंबरही घातला. तो नकलांबरोबर फ्लॉपीवरून जगभर गेला. दूरदूरच्या देशांतून लोक त्यांना फोन करू लागले. चोरी थांबवण्यासाठी केलेली गोष्ट चोरीच्याच वाटेने पसरली.

आपल्याकडची गोष्ट याच्या उलट आहे. पुण्यात कैलास काटकर नावाचे तरुण रेडिओ आणि कॅल्क्युलेटर दुरुस्त करीत. शिक्षण दहावीपर्यंत. कुटुंब मूळचे सातारा जिल्ह्यातले. त्यांनी धाकट्या भावाला, संजयला, संगणकाचे शिक्षण दिले. दुरुस्तीला येणारे संगणक विषाणूंनी बिघडलेले असत. संजयने विषाणू मारणारे सॉफ्टवेअर लिहिले. १९९० नंतरच्या पाच-सहा वर्षांत त्यातून 'क्विक हील' उभे राहिले आणि पुढे मोठी कंपनी झाली. मराठी अक्षरांचे 'श्री-लिपी' हे सॉफ्टवेअरही पुण्याचेच. तेव्हा 'परदेशी कंपनीचे चोरले, त्यात काय' असे म्हणणाऱ्याने हेही ध्यानात ठेवावे. चोरी होते तेव्हा अशा पुणेकर कारागिराचीही होते. विषाणू मारणाऱ्या सॉफ्टवेअरचीसुद्धा लोक चोरीची प्रत आणतात. कुंपणच शेत खाते म्हणतात ते असे.

मग गरिबाने काय करावे? इथे एक चांगली बातमी आहे. सगळेच फुकट चोरीचे नसते. काही लोक आपले काम जगाला उघडपणे देऊन टाकतात. घ्या, वापरा, नक्कल करा, सुधारून दुसऱ्याला द्या, असे ते लिहूनच देतात. १९९१ साली फिनलंडच्या एका विद्यार्थ्याने, लिनस टोरवाल्ड्सने, लिनक्स असेच दिले. तुमच्या हातातल्या अँड्रॉइड फोनच्या मुळाशी तेच आहे. पत्रे आणि हिशोब लिहायला लिबर ऑफिस आहे. गाणी-चित्रपट पाहायला व्हीएलसी आहे. हे मोफत आहे आणि कायदेशीर आहे. फक्त ते त्याच्या मूळ ठिकाणाहूनच घ्यावे. ॲप घ्यायचे तर फोनमधल्या प्ले स्टोअरमधून घ्यावे, कुणी धाडलेल्या फाईलमधून नको. तिथेही बनवणाऱ्याचे नाव वाचावे, कारण नकली माल तिथेही कधी कधी शिरतो.

आणि हा विचार लांबचा नाही. शेजारच्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे मुले हाताने काम करीत शिकतात. २००२ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या मदतीने तिथे फॅब लॅब झाली. आपल्याला लागणारी वस्तू संगणकावर आखायची, यंत्रावर बनवायची आणि तिचा आराखडा दुसऱ्याशी वाटून घ्यायचा, अशी ही कार्यशाळा. बियाणे शेजाऱ्याला द्यायची आपली जुनी रीत हीच नव्हे काय? देणाऱ्याने दिले आणि घेणाऱ्याने चोरले, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

बँक लुटली जाते तर?

हेही खरे घडले आहे, आणि पुण्यातच घडले आहे. कॉसमॉस ही पुण्याची जुनी सहकारी बँक, १९०६ सालची. ११ ऑगस्ट २०१८ ला, शनिवारी, तिच्यावर हल्ला झाला. आपण एटीएममध्ये कार्ड घातले की ते यंत्र बँकेच्या संगणकाला विचारते, पैसे द्यावेत का? बँक हो म्हणते, मग नोटा बाहेर येतात. चोरांनी बँकेच्या जागी उत्तर देणारा खोटा संगणक मधे उभा केला. तो सगळ्यांनाच हो म्हणे. २८ देशांत माणसे बनावट कार्डे घेऊन एटीएमपाशी उभी होती. आपल्या कोल्हापुरातही काहींनी पैसे काढले. १३ तारखेला आणखी जवळजवळ १४ कोटी रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख गेले. २०२३ साली पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणात ११ जणांना दोषी ठरवले.

मग आपण सांभाळून काय उपयोग? उपयोग हा, की त्या वेळी खातेदारांच्या खात्यांतून पैसे गेले नाहीत. तोटा बँकेचा होता. पण आपण आपल्या हाताने पिन दाबला किंवा चिठ्ठी वाचून दाखवली, तर बँक म्हणते, दार तुम्ही उघडलेत. तिथून पुढची लढाई फार जड जाते.

तरीही पैसे गेलेच, तर लाजू नका. लाजेत वेळ जातो, आणि तोच चोराला हवा असतो. चोरलेले पैसे या खात्यातून त्या खात्यात पळवले जातात. ते वाटेत असेपर्यंत थांबवता येतात. म्हणून ताबडतोब १९३० हा नंबर फिरवा. हा सरकारचा नंबर आहे. लगेच बँकेलाही कळवा. तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. 'उद्या सकाळी मुलगा आला की बघू' असे म्हणू नका.

आता आमच्या वर्गाच्या संगणकावर लिनक्स आहे आणि लिबर ऑफिस आहे. आठवड्यातून एकदा दुसरी प्रत काढतो आणि ती काढून पेटीत ठेवतो, संगणकाला लावून ठेवत नाही. खंडणी आम्ही दिली नाही. किल्ली मिळेलच याची हमी काय? बायका पुन्हा गोष्टी सांगत आहेत. मंगळवारी आणि शुक्रवारी वर्ग सुटल्यावर एकेकजण बसते. सतरा गोष्टी पुन्हा झाल्या आहेत. दोघी जणी मधल्या काळात वारल्या. त्यांच्या सुनांना जेवढे आठवते, तेवढे आम्ही लिहून घेत आहोत. आणि खजिनदार आक्कांनी या खेपेला अट घातली आहे, की प्रत्येक गोष्ट आधी वहीत उतरवायची आणि मग संगणकात.